बूस्टर बदलल्यानंतरचे ब्रेक-पेडल : एका तक्रारीचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकला अधिक शक्तीचा ब्रेक-बूस्टर बसविला, नळ्या आवळल्या, ब्रेक ऑइल भरले, आणि गाडी आवाराबाहेर काढून पहिल्यांदा पाय दाबला तो पेडल पूर्वीपेक्षा खोल, मऊ किंवा अकारण उतावळे झालेले आढळले, ही तक्रार इतक्या नेमाने ऐकू येते की, ती एखाद्या कारागिराच्या हलगर्जीपणाचे फळ न मानता तिचा स्वतंत्र प्रश्न म्हणून विचार करणे प्राप्त आहे. पदरचे पैसे घालून सुधारणा करावी आणि सुधारलेली गाडीच बिघडल्यासारखी वाटावी, अशा वेळी मालकाचा संशय साहजिकपणे नव्या भागावर जातो. बूस्टर परत पाठविला जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि पेडल मात्र होते तेथेच राहते. या तक्रारीविषयी अनुभवी मिस्त्री, सुटे भाग विकणारे व्यापारी आणि स्वतःच्या हातांनी गाडी दुरुस्त करणारे हौशी मालक यांनी वेळोवेळी जी मते मांडली आहेत ती वरवर पाहता परस्परविरोधी आहेत. कोणी नळ्यांतील हवेला दोष देतो, कोणी दांड्याच्या लांबीला, कोणी मास्टर सिलिंडरच्या व्यासाला, तर कोणी इंजिनाच्या निर्वाताला. या सर्व पक्षांची कैफियत ऐकून, प्रत्येकात सत्याचा अंश किती आणि त्याचा अंमल कोठवर चालतो, हे ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे ट्रक म्हणजे शेव्हरोलेच्या सी-१० किंवा फोर्डच्या एफ-१०० या जातीची, अमेरिकेत शेतावर, कारखान्यावर आणि घरोघर वापरली जाणारी पिकअप गाडी अभिप्रेत आहे. आपल्याकडील अवजड मालट्रकांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि त्यांचे शास्त्र निराळे आहे. परंतु १९८६ साली बाजारात आलेल्या टाटा ४०७ सारख्या हलक्या मालवाहू गाड्यांत निर्वाताची मदत घेणारे तेलाचे ब्रेक असल्यामुळे, पुढील विवेचनातील पुष्कळसा भाग आपल्या मिस्त्रींच्याही नित्य परिचयाचा ठरेल.

बूस्टर काय करतो आणि काय करीत नाही

इंजिनातील निर्वाताचा उपयोग चालकाच्या पायाला साहाय्य म्हणून करावा, ही कल्पना १९२० च्या दशकातील आहे. बेल्जियन अभियंता आल्बेर दवांद्र याच्या योजनेवर आधारलेला साहाय्यक ब्रेक बॉश कंपनीने १९२७ मध्ये विक्रीस आणला, आणि अमेरिकेत १९२८ च्या पिअर्स-ॲरो मोटारीत निर्वातावर चालणारी अशीच योजना आढळते. पिकअप गाड्यांपर्यंत ही सोय पोहोचण्यास बराच काळ जावा लागला. शेव्हरोले आणि फोर्ड यांच्या पिकअप गाड्यांना दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७ मध्ये मिळाला, आणि शेव्हरोलेच्या पिकअपला पुढील चाकांचे डिस्क ब्रेक १९७१ पासून नेमाने मिळू लागले. म्हणजे आज ज्या गाड्यांवर हौसेने नवे बूस्टर चढविले जातात, त्यांपैकी पुष्कळांची मूळ रचना चारही चाकांना ड्रम आणि चालकाच्या पायाचे निखळ बळ एवढ्याच हिशेबाने केलेली होती.

बूस्टरच्या डब्यात रबरी पडदा असतो. पाय वर असताना पडद्याच्या दोन्ही अंगांस निर्वात असतो. पेडल दाबताच मधली झडप उघडून पेडलकडील बाजूस बाहेरची हवा शिरते, आणि दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक पडद्याला पुढे ढकलून मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर जोर देतो. हा जोर पडद्याच्या क्षेत्रफळावर आणि निर्वाताच्या मानावर अवलंबून असतो. पाऱ्याचा २० इंच निर्वात धरल्यास प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.६९ किलो बळ मिळते. त्या हिशेबाने ७ इंची एकेरी पडद्यापासून सुमारे १७०, ११ इंची एकेरी पडद्यापासून सुमारे ४२०, आणि ८ इंची दुहेरी पडद्यापासून सुमारे ४५० किलो बळ निघते. मधला गाभा आणि कडा यांनी अडविलेले क्षेत्र वजा जाता प्रत्यक्ष आकडे याहून कमी येतात, परंतु त्यांचे परस्पर प्रमाण ध्यानात यावयास एवढा तपशील पुरेसा आहे. दुहेरी पडद्याचा लहान डबा मोठ्या एकेरी डब्याची बरोबरी का करू शकतो, आणि इंजिनच्या खोलीत जागा अपुरी असलेल्या गाड्यांत त्याला मागणी का असते, याचा उलगडा यातच आहे.

आता या प्रश्नातील कळीचा मुद्दा. बूस्टर बळ वाढवितो. अंतर वाढवीत नाही आणि कमीही करीत नाही. विशिष्ट दाब निर्माण करण्यासाठी पेडल किती खाली जावे लागेल, हे पेडलच्या तरफेचे गुणोत्तर, मास्टर सिलिंडरचा व्यास आणि त्यापुढील नळ्या, होज, कॅलिपर व ड्रम यांची ताणली जाण्याची वृत्ती यांवर ठरते. पंचवीस किलोच्या पायाने, चारास एक अशा तरफेतून, एक इंच व्यासाच्या मास्टर सिलिंडरमध्ये बूस्टरशिवाय प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलो दाब उत्पन्न होतो. बूस्टरने बळ चौपट केले की तोच पाय सुमारे ७९ किलो दाब उत्पन्न करतो. एवढ्या दाबाखाली जुने रबरी होज फुगतात, कॅलिपर किंचित फाकतात, शू ड्रममध्ये वाकतात, आणि पूर्वी कधीच न दिसलेले अंतर पेडलच्या चालीत प्रकट होते. इंजिन बंद असताना पेडल दगडासारखे कठीण आणि इंजिन सुरू होताच मऊ, एवढ्याच दाखल्यावर बूस्टर सदोष ठरविणारे मत, कितीही प्रचलित असले तरी, टिकत नाही. त्या दोन प्रसंगी यंत्रणेवर पडणारा दाबच वेगळा असतो. आणि जोरदार बूस्टर पुष्कळदा नवा दोष निर्माण करीत नसून जुना दोष उजेडात आणीत असतो.

तक्रार नेमकी कोणती

म्हणून तपासाला आरंभ करण्यापूर्वी तक्रारीची शहानिशा व्हावयास हवी. ‘पेडल बरोबर लागत नाही’ या एका वाक्यात किमान तीन भिन्न तक्रारी दडलेल्या असतात. पहिली अंतराची : पेडल खोल जाते, किंवा दोनतीनदा पंपिंग केल्यावरच वर येते. दुसरी बळाची : पेडल फार जड लागते, किंवा उलट पाय टेकताच गाडी गचकन थांबते. तिसरी काळाची : पेडल दाबून धरले असता हळूहळू बसत जाते, किंवा काही मैल चालल्यावर ब्रेक आपोआप धरू लागून चाके तापतात. या तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. हलक्या पेडलला मऊ पेडल समजणे ही तर नित्याची गल्लत आहे. बूस्टर मोठा बसविल्यावर कमी बळात काम होणे हे त्याचे कर्तव्यच असून, ज्याच्या पायाला वर्षानुवर्षे जड पेडलची सवय जडली आहे, त्याला ते कर्तव्य प्रथम दोषासारखे भासते.

हवेचा पक्ष

सर्वांत जुना आणि सर्वांत बहुमान्य पक्ष नळ्यांतील हवेचा. बूस्टर बदलताना मास्टर सिलिंडर सोडवावा लागतो, पुष्कळदा नवा बसविला जातो, आणि त्या उघडझापीत हवा आत शिरते, हे निर्विवाद आहे. एक घन सेंटिमीटर हवा उच्च दाबाखाली जवळजवळ नाहीशी होते. एक इंची मास्टर सिलिंडरमध्ये ती जागा भरण्यास दट्ट्याला सुमारे दोन मिलिमीटर अधिक सरकावे लागते, आणि चारास एक तरफेमुळे पायाला सुमारे आठ मिलिमीटर. म्हणजे चमचाभराहूनही कमी हवा पेडलची चाल बिघडविण्यास समर्थ आहे.

हवा काढली, तरीही पेडल मऊच, असे सांगणाऱ्यांनी ती कोठे लपते याची खातरजमा करावी. नवा मास्टर सिलिंडर गाडीवर चढविण्यापूर्वी टेबलावर आडवा, समतल धरून त्यातील हवा काढलेली नसेल, तर तिरक्या बसविलेल्या सिलिंडरच्या वरच्या टोकाला ती अडकून राहते. डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल होऊन बसले की ब्लीडर निपल तळाशी येते, आणि कितीही तेल वाहविले तरी वरची हवा निघत नाही. कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत पुढील डिस्कना किंचित विलंबाने दाब देणारा भाग हवा काढताना उघडा धरावा लागतो. आणि दोन मार्गांच्या दाबात मोठा फरक पडल्यास त्यातील धोक्याच्या दिव्याचा दट्ट्या एका बाजूस सरकून बसतो, तो मध्यभागी परत आणावा लागतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मागील चाकांना अँटिलॉक यंत्रणा असलेल्या पिकअप गाड्यांत त्या यंत्रणेच्या व्हॉल्व्ह-पेटीतही हवा राहू शकते. सिलिकोनचे डॉट ५ तेल घाईने ओतले वा हलविले, तर त्यात सूक्ष्म बुडबुडे धरून राहतात. साध्या डॉट ३ किंवा डॉट ४ तेलाच्या गाडीत ते वापरण्याचे प्रयोजन क्वचितच असते.

गाडीच्या फरशीखाली, चौकटीवर मास्टर सिलिंडर असलेल्या १९४७ ते १९५५ च्या काळातील शेव्हरोले पिकअपसारख्या गाड्यांची अडचण आणखी निराळी. तेथे सिलिंडर कॅलिपरच्या पातळीखाली येत असल्यामुळे, डिस्क ब्रेक बसविल्यावर तेल उताराने मागे झिरपते आणि प्रत्येक थांब्यावर पेडलचा पहिला दाब वाया जातो. यास्तव डिस्कच्या मार्गात चौरस इंचास सुमारे दोन पौंड दाब राखणारा शेषदाब-व्हॉल्व्ह घालण्याचा प्रघात पडला आहे; ड्रमसाठी तोच दाब सुमारे दहा पौंड असतो. दहा पौंडांचा व्हॉल्व्ह चुकून डिस्कच्या मार्गात गेला, तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत.

दांड्याचा पक्ष

माझ्या मते बूस्टर बदलण्याच्या कामाशी प्रत्यक्ष आणि अतूट संबंध असलेले कारण एकच, आणि ते म्हणजे बूस्टरमधून बाहेर येऊन मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला ढकलणाऱ्या दांड्याची लांबी. हवा, व्यास, होज ही कारणे बूस्टर न बदलताही उद्भवू शकतात. दांड्याचे माप मात्र प्रत्येक नव्या जोडणीत नव्याने जुळवावे लागते, आणि तेच बहुधा गृहीत धरले जाते. दांडा आणि दट्ट्या यांच्यामध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरचे मोकळे अंतर असावे, अशी वहिवाट आहे. दांडा आखूड राहिला, तर पेडलचा आरंभीचा प्रवास पोकळीत जातो आणि पेडल खोल लागते. दांडा लांब झाला, तर विश्रांतीतही दट्ट्या किंचित पुढे राहून तेल टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र झाकून टाकतो. चाके तापली की तेल प्रसरण पावते, परतीचा मार्ग नसल्यामुळे दाब साचतो, आणि पेडल वर वर चढत जाऊन अखेर ब्रेक धरून बसतो. आरंभी उत्तम लागणारे आणि पाच-दहा मैलांनी कठीण होत जाणारे पेडल हे या दोषाचे हुकमी लक्षण समजावे.

जनरल मोटर्सच्या जुन्या मास्टर सिलिंडरांत दट्ट्याची खोबण दोन प्रकारची आढळते. बूस्टरविरहित गाडीत दांडा निसटू नये म्हणून ती खोल, आणि बूस्टर असलेल्या गाडीत उथळ. जुना सिलिंडर नव्या बूस्टरवर चढविताना हा भेद नजरेआड झाला, तर वर सांगितलेल्या दोन्ही दोषांपैकी एक पदरी पडतो. आणखी एका बारकाव्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. पायाचे बळ आणि पडद्याचे बळ यांची सांगड घालून चालकाला ब्रेकची जाणीव परत देणारी रबराची एक लहान चकती, जिला रिॲक्शन डिस्क म्हणतात, ती दांड्याच्या मुळाशी बसलेली असते. मापासाठी दांडा बेताबाहेर ओढला गेला की ही चकती काही बूस्टरांत जागेवरून निसटून डब्यात पडते. आणि मग पाय टेकताच पूर्ण जोर लागणारे, मधली कोणतीही पायरी न मानणारे पेडल मिळते. अशा पेडलचा उपाय तेलाच्या नळ्यांत शोधणे व्यर्थ होय.

व्यासाचा आणि तरफेचा पक्ष

मास्टर सिलिंडर मोठ्या व्यासाचा घालावा म्हणजे पेडल वर येईल व घट्ट लागेल, हा उपाय बाजारात फार लोकप्रिय आहे. गणित त्याच्या बाजूने आहे, परंतु अर्ध्यापुरतेच. एक इंच व्यासाचे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर, आणि अष्टमांश इंच अधिक, म्हणजे १ १/८ इंच व्यासाचे ६.४१. मोठ्या सिलिंडरने पेडलची चाल सुमारे २१ टक्क्यांनी घटते हे खरे. पण त्याच पायाने मिळणारा दाबही तितक्याच प्रमाणात घटतो. पेडल घट्ट लागते आणि गाडी थांबण्यास अधिक बळ लागते. मागील चाकांनाही डिस्क बसवून कॅलिपरांची तेलाची गरज खरोखर वाढलेली असेल, किंवा दट्ट्या अधिक मागे घेणारे कमी-घर्षणाचे कॅलिपर साध्या सिलिंडरवर जोडलेले असतील, तेथे व्यासाचा अथवा सिलिंडरच्या जातीचा बदल न्याय्य आहे. जेथे मूळ दोष हवेचा वा सैल ड्रमचा आहे, तेथे मोठा सिलिंडर तो दोष बरा न करता केवळ झाकतो, आणि ब्रेकच्या बाबतीत झाकलेला दोष उघड्या दोषापेक्षा अधिक घातक असतो.

तरफेचा मुद्दा मात्र अन्यायाने उपेक्षित राहिला आहे. बूस्टर नसलेल्या गाडीत तरफ साधारण सहास एक असते, कारण सारा जोर पायालाच द्यावयाचा असतो. बूस्टर असलेल्या गाडीत ती चारास एकच्या आसपास असते. पेडलच्या दांड्याला खिळीच्या जवळ असलेले वरचे छिद्र पहिल्या प्रकारासाठी आणि दूरचे खालचे छिद्र दुसऱ्यासाठी, हा त्यामागील भूमितीचा नियम. जुन्या पेडलच्या वरच्याच छिद्रात नवा बूस्टर जोडला, तर मास्टर सिलिंडरमधील २० मिलिमीटरच्या प्रवासाला पायाने ८० ऐवजी १२० मिलिमीटर जावे लागते, आणि वर बूस्टरचे बळ असल्यामुळे ते पेडल लांबही लागते आणि उतावळेही. एकाच गाडीत या दोन तक्रारी एकत्र आल्या, तर प्रथम तरफ मोजावी. नव्या कंसामुळे दांडा तिरका बसून बाजूला घासत असल्यास तेही त्याच वेळी दिसून येते.

निर्वाताचा पक्ष

पेडल जड लागण्याच्या तक्रारीत निर्वाताचा पक्ष बहुधा विजयी ठरतो. निरोगी पेट्रोल इंजिन रिकाम्या चालीत पाऱ्याचा १८ ते २१ इंच निर्वात देते; शर्यतीच्या धर्तीची कॅमशाफ्ट घातलेले इंजिन १० ते १२ इंचांवर थांबू शकते, आणि मग कितीही मोठा पडदा असला तरी त्याचे बळ जवळजवळ निम्मे होते. निर्वाताची टाकी जोडली असता साठा वाढतो, थांबण्याची आणखी एखाददुसरी संधी मिळते, परंतु निर्वाताचे मान वाढत नाही. त्यासाठी विजेचा निर्वात-पंप लागतो. डिझेल इंजिनात हवेचा मार्ग आवळणारा पडदा सामान्यतः नसल्यामुळे त्याला मुळापासूनच स्वतंत्र पंप लागतो, आणि आपल्याकडील हलक्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या शाफ्टवरच जोडलेला असतो. उंचावर राहणाऱ्यांनी भूगोलही हिशेबात घ्यावा. कोलोरॅडोतील लेडव्हिल हे गाव ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी असतो. महाबळेश्वरला ही घट सुमारे १५ टक्के येते. बूस्टर ज्या बाहेरच्या हवेच्या जोरावर काम करतो तीच विरळ झाली, तर त्याचे बळ घटणारच.

निर्वाताची कमतरता मऊ आणि खोल पेडल मात्र उत्पन्न करीत नाही, ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. मऊ पेडलच्या तक्रारीवर निर्वाताची नळी आणि चेक व्हॉल्व्ह बदलत बसणे म्हणजे बळाच्या खात्यातील औषध अंतराच्या खात्यात खर्ची घालणे होय.

चाकांकडील कारणे

बूस्टर बदलणाऱ्याचे लक्ष इंजिनच्या खोलीत गुंतलेले असल्यामुळे चाकांकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या समजुतीने खोल पेडलची सर्वाधिक प्रकरणे तेथेच निकालात निघतात. मागील ड्रमचे शू सैल असले की त्यांना ड्रमपर्यंत पोहोचविण्यातच सिलिंडरचा बराच प्रवास खर्च होतो. शू नीट जमवून घेणे हा बिनखर्ची उपाय अनेकांना अखेरीस सुचतो, तो प्रारंभीच करावा. पुढील चाकांचे बेअरिंग सैल किंवा डिस्क वाकडी असल्यास फिरती डिस्क पॅडना मागे ढकलते. सी-१० च्या कॅलिपरमधील दट्ट्याचा व्यास २ १५/१६ इंच आहे. एक इंची मास्टर सिलिंडर आणि चारास एक तरफ धरल्यास, तो केवळ अर्धा मिलिमीटर मागे गेला तर एका चाकासाठी पेडलला सुमारे १७ मिलिमीटर आणि दोन्ही चाकांसाठी सुमारे ३४ मिलिमीटर अधिक जावे लागते. रस्ता खडबडीत असताना किंवा वळण घेतल्यानंतर पेडल खोल जाऊन दुसऱ्या दाबात ठीक लागत असेल, तर तो दोष हवेचा नसून बहुधा याच जातीचा असतो. जुने रबरी होज, कॅलिपरच्या अडकलेल्या सरक-पिना, आणि अद्याप न बसलेले नवे पॅड हीही कारणे याच सदरात मोडतात. ज्या पत्र्याच्या भिंतीवर बूस्टर बसतो ती त्याच्या वाढलेल्या जोराखाली वाकते का, हे दुसऱ्याला पेडल दाबावयास सांगून डोळ्यांनी पाहावे. जुन्या, गंजलेल्या गाड्यांत हे वाकणे पेडलची चाल खाते.

हायड्रोबूस्टचा वेगळा हिशेब

निर्वाताच्या अपुरेपणावर तोडगा म्हणून स्टिअरिंग-पंपाच्या तेलदाबावर चालणारा हायड्रोबूस्ट बसविण्याकडे पुष्कळांचा कल आहे. १९७० च्या दशकात बेंडिक्स कंपनीने प्रचारात आणलेली ही यंत्रणा एक टनी आणि डिझेल पिकअप गाड्यांत दीर्घकाळ वापरली गेली. तिचे बळ मोठे आणि प्रतिसाद तत्पर असल्यामुळे निर्वात-बूस्टरच्या सवयीच्या पायाला पेडल प्रथम फार हलके लागते. ते तिचे स्वभाववैशिष्ट्य असून त्यास दोष मानू नये. खरे दोष तीन ठिकाणी आढळतात : परतीच्या नळ्या चुकीच्या ठिकाणी एकत्र जोडल्यामुळे साचणारा प्रतिदाब, ज्यामुळे ब्रेक सावकाश सुटतात किंवा स्वतःहून लागतात, स्टिअरिंगच्या तेलात मिसळलेली हवा, जिच्यामुळे पंप घुरघुरतो आणि पेडल थरथरते, आणि इंजिन बंद पडल्यावर दोनतीन थांब्यांपुरता साठा ठेवणारा संचायक रिकामा झालेला असणे. स्टिअरिंगचे खनिज तेल ब्रेकच्या रबरांना फुगविते आणि ब्रेक ऑइल हायड्रोबूस्टच्या सीलांची हानी करते. तेव्हा या दोन तेलांची सरमिसळ कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये.

तपासाचा क्रम

वरील पक्षांपैकी एकही सर्वस्वी खोटा नाही. गफलत होते ती क्रमात. म्हणून कमी खर्चाचे आणि अधिक निर्णायक ते आधी, या न्यायाने तपासाचा क्रम असा असावा. चाकांना अडण लावून प्रथम इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील निर्वात संपतो. मग लागणारे पेडल केवळ तेलाच्या यंत्रणेची साक्ष देते. ते पंपिंगने वर चढत असेल, तर हवा अथवा चाकांकडील मोकळे अंतर. स्थिर दाबाखाली हळूहळू बसत असेल, तर बाहेरची गळती किंवा मास्टर सिलिंडरमधील झिजलेले कप. नंतर पेडल दाबून धरून इंजिन सुरू करावे. ते किंचित खाली उतरले पाहिजे, न उतरल्यास बूस्टरला निर्वात पोहोचत नाही किंवा बूस्टर काम करीत नाही. मग इंजिन चालू असताना दाबलेले पेडल तसेच धरून इंजिन बंद करावे. अर्ध्या मिनिटापर्यंत पेडल वर ढकलले गेले नाही, तर पडदा आणि चेक व्हॉल्व्ह निर्दोष समजावेत.

अंतराची तक्रार शिल्लक राहिल्यास मास्टर सिलिंडरच्या नळ्या सोडवून तेथे आट्यांची पक्की बुचे बसवावीत. आता पेडल उंच आणि कठीण लागले, तर सिलिंडर, दांडा आणि बूस्टर एकदम निर्दोष ठरतात आणि तपास चाकांकडे वळतो. तरीही मऊ लागले, तर दोष बुचांच्या अलीकडे आहे. नंतर एकेक मार्ग जोडून पेडल पाहावे, म्हणजे अपराधी मार्ग स्वतःच उघडा पडतो. होज चिमट्याने आवळून हीच परीक्षा काहीजण घेतात. परंतु त्यात जुन्या होजचे आतील थर फाटण्याचा धोका असल्यामुळे बुचांची रीत अधिक विश्वासार्ह वाटते. ब्रेक धरून राहत असेल, तर मास्टर सिलिंडरचे नट थोडे सैल करून तो बूस्टरपासून किंचित पुढे घ्यावा; चाके मोकळी झाली तर दांडा लांब आहे किंवा बूस्टर, पेडल अथवा ब्रेक-दिव्याचा स्विच पूर्ण परत येत नाही. न सुटल्यास सिलिंडरजवळची नळी किंचित सैल करावी. दाब तेथेच सुटला तर अडथळा सिलिंडरमध्ये. तरीही चाक धरूनच राहिले आणि त्याच्या निपलमधून दाब सुटताच मोकळे झाले, तर होज आतून बंद झाले आहे किंवा शेषदाब-व्हॉल्व्ह चुकीचा बसला आहे. या साऱ्या परीक्षा पार पडल्याखेरीज गाडी वाहत्या रस्त्यावर नेऊ नये, आणि पहिली चाचणी मोकळ्या, सपाट आवारात मंद गतीने घ्यावी.

निष्कर्ष

या सर्व मतांची रुजुवात घातल्यावर जो निकाल हाती येतो तो असा : बूस्टर बदलल्यानंतरची तक्रार ही पुष्कळदा बूस्टरची नसते, आणि जेव्हा असते तेव्हा ती बहुधा दांड्याचे माप, रिॲक्शन डिस्क, तरफेचे छिद्र आणि निर्वाताचा पुरवठा या चार जागांपैकी एका जागी असते. उरलेली प्रकरणे तेलाच्या आणि चाकांच्या जुन्या, आजवर कमी दाबाखाली झाकलेल्या उणिवांची असतात. मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर हा हिशेब करून घ्यावयाचा निर्णय आहे, तो तपास टाळण्याची पळवाट होऊ नये. ब्रेक ही गाडीतील अशी यंत्रणा आहे की जिच्या चुकीचा दंड मालकाबरोबर रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही भरावा लागतो. म्हणूनच पेडल ‘साधारण ठीक’ लागते म्हणून काम तहकूब न करता, ते तसे का लागते याचे कारण हाताला लागेपर्यंत तपास चालू ठेवणे, हे जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.